कढीपत्त्याची पोडी

नागलक्ष्मी वाळू लागली तेव्हा राजवाड्यामागच्या गल्लीतल्या बायकांनी तिचं तोंड भरून कौतुक केलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी अशी कंबर म्हणजे काय थट्टा! काय खातेस, किती चालतेस, आम्हालाही सांग की, म्हणून जी ती विचारू लागली. खरं तर ती पूर्वीच्या दुप्पट खात होती आणि चालायला तिला वेळच नव्हता. पण बारीक झालेल्या बाईच्या तोंडून "मला बरं वाटत नाही" हे ऐकून घ्यायला कुणाला सवड असते?

तिचं काम बसून करायचं. भरतनाट्यमचे पोशाख शिवण्यात तिचा हात धरणारं तंजावुरात कुणी नव्हतं. नर्तकी गुडघे वाकवून अर्धी बसली की पुढचा चुण्यांचा पंखा असा उघडायला हवा, की एकही चुणी मागे राहता कामा नये. त्या पंख्याला इकडे विसिरी म्हणतात. नागलक्ष्मीची विसिरी कुणाच्या अंगावर आहे, हे नृत्यशिक्षिका शेवटच्या रांगेत बसून ओळखत. वडील शेषाद्रीराव वीजमंडळात कारकून होते. ते गेले तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि धाकटी हरिप्रिया अकरा. तेव्हापासून घर चाललं ते त्या शिवणयंत्रावर. हरिप्रियाचं कॉलेज त्यावर झालं, लग्नही त्यावरच झालं. थोरलीच्या लग्नाचा विषय घरात दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा आईला, अंबाबाईला, धाकटीच्या परीक्षा आठवल्या. पुढे तो निघालाच नाही.

मग एक दिवस सुईत दोरा जाईना. चष्मा बदलला, दिवा बदलला, तरी जाईना. दोष डोळ्यांचा नव्हताच. बोटं थरथरत होती. पाठोपाठ घाम, धाप, आणि बसल्या जागी छाती अशी धडधडायची, की यंत्र बंद असूनही सुरू आहे असं तिला वाटे. रक्त तपासलं तेव्हा कळलं की गळ्यातली थायरॉईडची गाठ बेलगाम सुटली आहे. गोळ्या सुरू झाल्या, तर त्या गोळ्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशीच खाली आणल्या. ताप आला, घसा फुलला, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले, आणि डॉक्टरांनी फाईलवर लाल शाईने लिहिलं की या बाईंना ही गोळी पुन्हा द्यायची नाही. एका दुखण्यातून सुटायला जावं तर दुसरं दारात उभं!

उरला उपाय आयोडीनचा. तिरुचीच्या रुग्णालयात डॉक्टर भुवना होत्या, बोलायला शांत आणि समजावायला हुशार. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "या गाठीला आयोडीनची फार हाव असते. आपण तिला आयोडीनच देतो, फक्त किरण सोडणारं. ती हावरटासारखी ते गिळते आणि त्यानेच निवते. एक कॅप्सूल, बस. पुढे जन्मभर रोज सकाळी एक साधी गोळी घ्यायची. पण उशीर करू नका. तुमच्या हृदयाचा ठोका आताच चुकतो आहे. असंच चालू राहिलं तर आत रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जायची भीती आहे."

अटी दोन होत्या. कॅप्सूल घेण्याआधी दोन आठवडे पोटात आयोडीन जाऊ द्यायचं नाही, म्हणजे गाठ उपाशी राहील आणि औषध आल्यावर तुटून पडेल. आणि घेतल्यावर तीन आठवडे गर्भार बाई आणि लहान मूल यांच्यापासून लांब राहायचं.

नेमकी ही दुसरी अट घरात येऊन बसली होती. हरिप्रिया बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी दोनदा दिवस राहून पडले होते. या खेपेला सातवा महिना गाठला, बांगड्या भरण्याचा समारंभ झाला, आणि चारच दिवसांत रक्त दिसलं. वार खाली आहे, पलंगावरून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तिचा नवरा मुरलीकृष्ण मस्कतला, त्याला रजा बाळंतपणाच्या सुमारास मिळणार. अंबाबाई बहात्तर वर्षांची, गुडघ्यांनी अधू. तेव्हा हरिप्रियाला पुसून घेणं, केस विंचरणं, जेवू घालणं, भांडं देणं, सगळं नागलक्ष्मीकडे. थरथरत्या हातांनीच ती ते करी आणि तक्रार करावी असं तिच्या मनातही येत नसे.

तरी या वेळी तिने स्वतःचं बघायचं ठरवलं. तिरुवैयारुच्या नृत्यशिक्षिका कामाक्षी तिच्या जुन्या गिऱ्हाईक, त्यांनी घरामागची खोली तीन आठवड्यांसाठी देऊ केली. पापनाशमची एक बाई हरिप्रियाकडे दिवसभर राहायला तयार झाली. भीतभीतच तिने हे आईला सांगितलं. अंबाबाई म्हणाली, "जा की. पूर्वीं आम्ही बाहेर बसत नव्हतों? वेगळें ताट, वेगळी चटई, कोणाला शिवायचें नाहीं. तीन दिवसांचे तीन आठवडे झाले, इतकेंच. तुझें शरीर आधीं."

तुझं शरीर आधी! बावीस वर्षांत आईने हे वाक्य तिला पहिल्यांदा ऐकवलं. नागलक्ष्मी मागच्या अंगणात जाऊन पदराने डोळे पुसून आली.

रुग्णालयाने वर्ज्य पदार्थांचा छापील कागद दिला होता, तमिळमध्ये. तो तिने हरिप्रियाला दिला, पडल्यापडल्या आईला वाचून दाखव म्हणून. दूध बंद, दही बंद, बेकरीचं बंद, साधं मीठ बंद. मिठाच्या जागी सैंधव, ज्याला इकडे इंदुप्पु म्हणतात. समुद्रातलं तर काहीच नाही. तंजावुरातल्या माणसाला फिल्टर कॉफीतलं दूध आणि शेवटचा दहीभात तोडायला सांगणं म्हणजे जिवंतपणी वनवास. पहिल्या सकाळी ती काळी कॉफी घेऊन बसली आणि तिचं तोंड बघून हरिप्रिया पलंगावर हसली, "अक्का, चेहरा पाहा तुझा! काढा पितेस कीं कोणाचा शाप?"

तिसऱ्या दिवशी अंबाबाई पहाटे उठली. गुडघे धरत स्वयंपाकघरात गेली, कढीपत्ता कढईत कुरकुरीत भाजला, उडदाची डाळ, मिरची, हिंग, चिंच घातली, इंदुप्पु घातलं आणि नागलक्ष्मीसाठी वेगळी पोडी, म्हणजे कोरडी चटणी, कुटली. काळपट हिरवी, खमंग पोडी, तिळाच्या तेलात कालवून गरम भातावर. "हें तुझ्या एकटीचें. दुसरें कोणी हात लावायचा नाहीं," असं म्हणत तिने डबा निराळ्या फळीवर ठेवला. नागलक्ष्मी दोन्ही वेळा ती पोडी खाई. जरा समुद्री, उग्र वास येई, पण हिंग जुना असेल म्हणून तिने मनावर घेतलं नाही. त्या बेचव दोन आठवड्यांत तिला तेवढाच एक आधार होता, आणि आईच्या हातचं खाताना जो शोध घेत बसतो तो करंटाच.

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी छाती फार भडकली. ती यंत्रावरून उठली ती भिंत धरतच खाली बसली. घामाने लुगडं भिजलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. अंबाबाई धावत आली, म्हणजे तिच्या गुडघ्यांनी जेवढं धावता येईल तेवढी. तिने लेकीचं डोकं मांडीवर घेतलं आणि पंख्याने वारा घालत राहिली. "कांहीं नाहीं होत, कण्णा, कांहीं नाहीं होत," असं ती पुनःपुन्हा म्हणत होती. सकाळी उठल्यावर तिने ताटात भात वाढला आणि त्यावर नेहमीसारखी दोन चमचे पोडी घातली.

ठरल्या दिवशी नागलक्ष्मी पिशवी भरून तिरुचीला गेली. तीन आठवड्यांचे कपडे, वेगळं ताट, वेगळा पेला, कामाक्षीबाईंच्या खोलीची किल्ली. आधी गाठ किती आयोडीन ओढते ते तपासायचं होतं. तिच्या गळ्यासमोर यंत्र लावून तिला स्थिर बसवलं. निकाल हातात घेऊन डॉक्टर भुवना बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या.

"साठ टक्क्यांच्या आसपास यायला हवं होतं. तीन आलं आहे," त्या म्हणाल्या. "गाठ आयोडीनने काठोकाठ भरलेली आहे. आता आमचं औषध दिलं तर त्याला आत जागाच नाही, लघवीवाटे निघून जाईल. तुम्ही खाल्लं काय?"

"तुम्ही सांगितलंत तेवढंच," नागलक्ष्मी म्हणाली.

"नाही अम्मा. नुसत्या मिठाने एवढं होत नाही. काहीतरी भरपूर पोटात गेलं आहे. आणि गोळ्या बंद असलेल्या तुमच्यासारख्या माणसाला हे धोक्याचं आहे. भडका उडाला असता तर तुम्ही इथवर आलाही नसतात. आता दोन-तीन महिने थांबायचं. दुसरा इलाजच नाही."

तिच्या नावाने मागवलेली कॅप्सूल शिशाच्या डब्यात तशीच राहिली. पुढच्या महिन्यातल्या अरंगेट्रमसाठी, म्हणजे मुलींच्या पहिल्या जाहीर नृत्यासाठी, अकरा पोशाख शिवायचे होते. हात आता लवकर स्थिर होणार नव्हते, म्हणून तेही त्याच दिवशी तिने बसमधून फोन करून नाकारले. ज्या विसिरीवर तिचं नाव चालायचं, ती आता कुंभकोणमचा कुणी शिंपी घालणार होता.

घरी आल्यावर तिने झालं ते सांगितलं. हरिप्रियाने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं. अंबाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने एकाएकी कपाळावर हात मारून घेतला.

"अय्यो, मींच केलें! हरीच्या शक्तीच्या गोळ्यांबरोबर समुद्राच्या शेवाळाची पूड आली होती. डब्यावर लिहिलें होतें, आयोडीन पुष्कळ आहे. मला वाटलें, तुझें औषध आयोडीनच ना? पोटांतून थोडें जास्त गेलें तर लवकर गुण येईल. म्हणून पोडींत घालत होतें. मला म्हातारीला काय कळतें!"

नागलक्ष्मी तिच्याकडे बघत राहिली आणि मग हसत सुटली. हे अगदी आईसारखंच होतं. डॉक्टरांनी एक चमचा काढा सांगितला तर ही दोन द्यायची. देवाला एक नारळ बोलली तर दोन फोडायची. जास्त दिलं की जास्त बरं, हा तिचा जन्मभराचा हिशेब. नागलक्ष्मीने जवळ बसून आईचा हात कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाली, "जाऊं दे अम्मा. मायेनें केलेंस. तीन महिने काय, जातील." कामाक्षीबाईंना फोनवर तिने हा किस्सा विनोद म्हणून सांगितला. पापनाशमच्या बाईला नको म्हणून कळवलं, पिशवी रिकामी केली आणि हरिप्रियाच्या उशाशी येऊन बसली. हरिप्रिया त्या दिवशी फार रडली. अक्काचं औषध चुकलं म्हणून रडते आहे, असं नागलक्ष्मीला वाटलं, आणि तिने उलट तिचीच समजूत घातली.

दहा दिवसांनी हृदयाची तपासणी होती म्हणून ती पुन्हा तिरुचीला गेली. तिचा नंबर यायच्या आधी दारातच डॉक्टर भुवना मणीवर चिडलेल्या दिसल्या. मणी म्हणजे त्या विभागातला पन्नाशीचा मदतनीस. रोग्यांना पथ्य समजावणं, फोन घेणं, तारखा देणं ही त्याची कामं.

"पथ्य नीट समजावलं असतंस तर या बाईंचे तीन महिने वाया गेले नसते," डॉक्टर म्हणाल्या आणि आत गेल्या.

मणीचा चेहरा उतरला. सतरा वर्षांच्या नोकरीत खोटा ठपका कुणाला सोसेल? तो नागलक्ष्मीकडे वळला. "अम्मा, तुम्हीच सांगा, मी समजावलं नव्हतं? तुमच्या घरून फोन आला तेव्हा तर मी दोनदा बजावलं होतं."

"कुठला फोन?"

"तुमच्या बहिणीचा. तुमचा फाईल नंबर सांगितला त्यांनी." त्याने टेबलावरची वही ओढून पानं उलटली. "हे बघा, तीन तारीख. त्यांनी विचारलं, चुकून समुद्री शेवाळाची पूड पोटात गेली तर उपचार किती दिवस पुढे जातो? मी म्हटलं, दोन-तीन महिने तरी. आणि असं अजिबात होऊ देऊ नका, यांचं हृदय नाजूक आहे, भडका उडेल. त्या म्हणाल्या, नक्की दोन-तीन महिने ना? मी म्हटलं, नक्की. आता याहून काय समजावणार मी?"

नागलक्ष्मीने वहीतल्या तारखेवर बोट ठेवलं. पथ्य पाच तारखेला सुरू झालं होतं. पोडी कुटली ती सात तारखेला.

त्या दिवशी हृदयाची तपासणी झाली ती कशी झाली, डॉक्टर काय म्हणाल्या, कुठल्या गोळीचा डोस वाढवला, यातलं काही तिच्या कानात शिरलं नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जुळवत होती. कागद वाचायला तिनेच दिला. त्यांनी तो वाचला, आणि काय टाळायचं ते सोडून काय घालायचं ते त्यातून उचललं. आई पहाटे उठली ती त्यासाठी. मग तिला ती संध्याकाळ आठवली. छाती फुटायला आली असताना आईने तिला मांडीवर घेतलं होतं, वारा घातला होता. हे का होतंय ते त्या घरात दोघींना ठाऊक होतं, आणि जिच्या छातीत होत होतं तिला तेवढं ठाऊक नव्हतं. मान मांडीवर घ्यायची आणि केसाने गळा कापायचा, असं म्हणतात ना लोक! तिच्या बाबतीत ते शब्दशः खरं झालं. आणि वर तिने आईचा हात धरून तिचीच समजूत घातली होती. इतकं मूर्ख कुणी कुणाला बनवू नये.

ती घरात शिरली तेव्हा अंबाबाई हरिप्रियाच्या पलंगाशी बसून शेवग्याचा पाला निवडत होती.

"तीन तारखेला मणीला फोन कोणीं केला?" नागलक्ष्मीने विचारलं.

 हरिप्रियाचे डोळे भरून आले, आणि तेच उत्तर होतं. अंबाबाईने पाल्याचं ताट बाजूला केलं. "तिच्यावर ओरडूं नकोस. तिला त्रास होईल."

"मी ओरडलें नाहीं अजून."

"अक्का," हरिप्रिया रडत म्हणाली, "मला भीति वाटली. दोन गेलीं, हें तिसरें. तूं तिकडे गेलीस आणि येथे रक्त गेलें तर? ती पापनाशमची बाई काय करणार? मला तूंच लागतेस. दुसरें कोणी नको."

"मग मला सांगायचें होतेंस. मीं स्वतः तारीख पुढें ढकलली असती. तुला ठाऊक नव्हतें?"

"ठाऊक होतें."

"मग विचारलें कां नाहींस?"

हरिप्रियाने भिंतीकडे तोंड फिरवलं. बोलली ती अंबाबाई, आणि आवाज बिलकूल न चढवता बोलली. "विचारलें असतें तर उपकार झाला असता. किती उपकार घ्यायचे एका माणसाचे? हिचें शिक्षण तुझें, लग्न तुझें, या घरांतलें मीठही तुझें. आतां मूल झालें तें अक्कानें जीव धोक्यांत घातला म्हणून झालें, हें हिनें जन्मभर डोक्यावर वाहायचें?"

"मीं कधीं बोलून दाखविलें, अम्मा? एकदां तरी?"

"नाहीं दाखविलेंस," अंबाबाई म्हणाली. "तेंच जड होतें."

नागलक्ष्मी उभीच होती. तिने आयुष्यभर एक गोष्ट जपली होती, की केलेलं तोंडाने बोलायचं नाही. आणि आईच्या लेखी तोच गुन्हा ठरला होता. तिला राग आला, लाज वाटली, आणि त्याहून जास्त, सांगू नये इतकं एकटं वाटलं. बावीस वर्षं ती ज्यांना आपली माणसं म्हणत आली, त्यांच्या बाजूने ती फक्त एक वाढत जाणारं ओझं होती. मागितलं असतं तर तिने दिलंच असतं. पण देण्याचा मान तिला मिळू नये म्हणून त्यांनी ते चोरून घेतलं.

"आणि माझें हृदय बंद पडलें असतें तर?" तिने शेवटचं विचारलं.

"तूं बळकट आहेस," अंबाबाई म्हणाली. "थोरलीला चालतें."

 नागलक्ष्मी स्वयंपाकघरात गेली, फळीवरून एक लहान पातेलं आणि वाटीभर तांदूळ घेतले, आणि शिवणाच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर विजेची शेगडी लावून स्वतःचा भात टाकला. भात शिजल्यावर बाहेर येऊन म्हणाली, "हरीचें सगळें मी करीन. मूल सुखरूप होईपर्यंत येथून हलणार नाहीं. पण आजपासून तुझ्या हातचें पाणीही मी पिणार नाहीं."

अंबाबाईचा चेहरा पांढरा पडला. या घराण्यात कोण कुणाच्या हातचं खातो, यावर सगळी नाती मोजलेली. हातचं खात नाहीत ते वैऱ्याच्या घरी. आईच्या हातचं नाकारणारी लेक तिने कधी ऐकली नव्हती. "असें बोलूं नये, कण्णा. उलट रागव, मार हवें तर," ती म्हणाली. नागलक्ष्मी रागावली नाही. राग असता तर उतरला असता.

पहिले चार दिवस अंबाबाई रोज ताट वाढून तिच्या दाराशी ठेवी. ताट जसंच्या तसं गार होई आणि संध्याकाळी गल्लीतल्या गाईपुढे जाई. मग तिने स्वतः जेवणं सोडून पाहिलं, दोन दिवस. नागलक्ष्मीने तिला औषधाच्या वेळेला फक्त आठवण करून दिली, "गोळी रिकाम्या पोटीं घेऊं नकोस," आणि ती कामाला लागली. तिसऱ्या दिवशी अंबाबाई मुकाट्याने जेवली. हरिप्रियाचं मात्र सगळं वेळच्या वेळी होत होतं. पूर्वीसारखंच अंग पुसणं, पूर्वीसारखंच केस विंचरणं. फक्त पूर्वी ती काम करताना बोलायची, ते बंद झालं. एकदा हरिप्रियाने तिचं मनगट धरलं आणि म्हणाली, "अक्का, एक शिवी तरी दे." तिने मनगट सोडवून घेतलं आणि उशी नीट केली. छाती अधूनमधून भडके, तेव्हा ती आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेई. पंख्याने वारा ती स्वतःच घेई.

महिन्याभराने, आठव्या महिन्याच्या अखेरीला, डॉक्टरांनी पोट फाडून मूल काढलं. मुलगी. अडीच किलोची, धडधाकट. मुरलीकृष्ण आदल्या दिवशीच पोचला होता, त्याचे आईवडील चेन्नईहून आले होते. हरिप्रियाही सुखरूप होती. नागलक्ष्मीने काचेतून त्या लालबुंद जिवाकडे पाहिलं आणि तिला आनंद झाला. खरा, निखळ आनंद झाला. त्या पोरीने कुणाचं काय बिघडवलं होतं? मग तिने मुरलीकृष्णला बाजूला घेऊन सांगितलं, की सहा आठवड्यांनी माझी तारीख आहे, मी तिरुवैयारुला जाणार, तेव्हा तुमची व्यवस्था तुम्ही आत्तापासून बघा. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "होय अक्का, आधी तुमची प्रकृती."

तेवढ्यात अंबाबाई व्हरांड्यातून आली. हातात चांदीची वाटी होती आणि तिच्यात साखर. नात झाली म्हणून ती साऱ्यांचं तोंड गोड करत येत होती. व्याही झाले, विहीणबाई झाल्या, जावई झाला. मग ती नागलक्ष्मीपुढे येऊन उभी राहिली. तिने चिमूटभर साखर उचलली आणि लेकीच्या ओठांपाशी नेली.  सगळे हसत बघत होते. चार माणसांत, अशा शुभ वेळी, थोरली काही नाही म्हणणार नाही, हे अंबाबाईने बरोबर ओळखलं होतं.

नागलक्ष्मीने तो हात मनगटाशी हळूच धरला.

"आधीं तूं खा, अम्मा," ती म्हणाली.

विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "केवढी ती माया! आईच्या आधी खात नाही हो लेक." अंबाबाईने लेकीच्या डोळ्यांत पाहिलं. तिला कळलं. इतक्या माणसांत तिला एकटीलाच कळलं. तिने ती चिमूट स्वतःच्या तोंडात घातली, आणि ती तिला काही केल्या गिळवेना.

नागलक्ष्मी ती गिळेपर्यंत थांबली. मग तिने बाकावरचा थर्मास उचलला आणि बहिणीला शुद्ध आली का ते बघायला आत गेली.